मागोमेनी ते बुतियामा : म्वालिमूंच्या वाटेनं आठ दिवस

टांझानियाला जाणारा मराठी माणूस बहुतेक वेळा सेरेंगेटी पाहतो, झांझिबारला दोन रात्री राहतो आणि परततो. ही सहल आखली ती जुलियस न्येरेरे यांच्यासाठी. टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाच्या, स्वातंत्र्यचळवळीचे ते नेते. १९६१ साली पंतप्रधान झाले, १९६२ पासून १९८५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते, आणि १९९५ साली भारत सरकारनं पहिला गांधी शांतता पुरस्कार दिला तो त्यांनाच. त्यांच्या देशात मात्र त्यांची एकच ओळख पुरते : म्वालिमू, म्हणजे मास्तर. ते खरोखरच शाळामास्तर होते. त्यांच्या आयुष्यातल्या जागा एकापाठोपाठ एक पाहिल्या, की चांगलं-वाईट जे काही त्यांनी केलं ते मास्तरच्या स्वभावातून आलं, हे पटत जातं.

मार्ग असा : दार एस सलाम, दोदोमा, ताबोरा, म्वांझा, बुतियामा, मुसोमा. परतीला म्वांझाहून विमान. जून ते सप्टेंबर हा कोरडा, थंड काळ उत्तम. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा आतल्या कच्च्या रस्त्यांचा भरवसा नाही. ७ जुलैच्या आगेमागे दारमध्ये सबासबाचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, हॉटेलं भरून जातात. त्या आठवड्यात जायचं तर खोली आधी धरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू करा. पीतज्वराची लस घेणार असाल तर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, हे धरून तारीख ठरवा.

पहिला दिवस : दार एस सलाम

सुरुवात मागोमेनीतल्या घरापासून. मोरोगोरो रस्त्यानं जाणाऱ्या जलद बसनं मागोमेनीला उतरा आणि 'बाजाजी' करा. बाजाजी म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा. पुण्याच्या बजाजचं नाव स्वाहिलीत रिक्षेला सामान्यनाम म्हणून चिकटलं आहे. भाडं बसण्याआधी ठरवायचं.

घर बैठं, साधं, शेजारच्या घरांसारखंच. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. खोल्या लहान, सामान घरगुती. १९५५ साली नोकरी सोडलेला, बायकामुलांचा संसार असलेला माणूस एवढ्याशा घरातून पक्ष चालवत होता, हे आत उभं राहिल्यावर उमगतं. अर्धा तास पुरतो, पण घाई करू नका. दाखवणाऱ्या बाई स्वाहिलीत बोलतात आणि खोलीच्या दारात थांबून तुमच्या प्रश्नाची वाट पाहतात.

तिथून लुमुंबा रस्ता. त्याचं जुनं नाव न्यू स्ट्रीट. ७ जुलै १९५४ रोजी इथे न्येरेरेंच्या टानू (टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन) पक्षाची स्थापना झाली. संस्थापक १७ होते. सातव्या महिन्याची सातवी तारीख, म्हणून 'सबासबा', सात-सात. पुढे म्नाझी म्मोजाचं मैदान, जिथे पक्षाच्या सुरुवातीच्या सभा झाल्या. या सभांना बायका मोठ्या संख्येनं आल्या त्या बीबी तिती मोहम्मद यांच्यामुळे. त्यांनी घरोघरी, गाण्याच्या मंडळांमधून सभासद केले. त्याच बीबी तितींना १९७० साली सुरू झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात जन्मठेप झाली आणि १९७२ साली सोडण्यात आलं. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा न्येरेरेंच्या सरकारनं १९६२ सालीच केला होता. मैदानावरच्या स्वातंत्र्यज्योतीच्या स्मारकापुढे हीसुद्धा आठवण असू द्या.

जेवण किसुतूच्या बाजूला. तिथल्या रस्त्यांवर देवळं आहेत आणि शाकाहारी थाळी मिळते. संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर निखाऱ्यावर मिश्काकी, म्हणजे मांसाच्या काड्या, भाजत असतात. सोबत काचुंबारी : कांदा, टोमॅटो, लिंबू. आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण.

एक गोष्ट आजच पाठ करा, नाहीतर बस चुकेल. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. सकाळचे ६ म्हणजे 'सा कुमी ना म्बिली', बारावा तास. तिकिटावर १२ लिहिलेले असतील आणि कारकून 'असुबुही' (सकाळ) म्हणाला, तर बस पहाटे सहाला सुटणार. प्रत्येक वेळी विचारा : स्वाहिली वेळ की इंग्रजी वेळ? मग घड्याळावर बोट ठेवून पुन्हा खात्री करा.

दुसरा दिवस : पुगू आणि करीमजी हॉल

पुगू शहराच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पुढे, साधारण २० किलोमीटर. रस्त्याला आता न्येरेरेंचंच नाव आहे. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर या रस्त्यावर वाहनांची रांग हलत नाही. १९५२ साली एडिंबरोहून एम. ए. होऊन परतल्यावर ते इथल्या मिशनच्या शाळेत शिकवू लागले. शिकवणं आणि शहरातल्या सभा एकदमच चालायचं. ७ मार्च १९५५ रोजी ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळापुढे बोलले. टांगानिका ही ब्रिटनची मालकीची वसाहत नव्हती, संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं सांभाळायला दिलेला मुलूख होता, म्हणून ही दाद मागता आली. परत आल्यावर शाळेनं विचारलं : शिकवायचं की राजकारण? त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

शाळा चालू आहे, तेव्हा आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. वर्गांचे फोटो काढू नका. आवारातली झाडं, लांब बैठ्या इमारती आणि टेकडीवरचा वारा एवढं पाहून परतलं तरी चालेल.

दुपारी करीमजी हॉल. मांडवी-कच्छहून आलेल्या बोहरी व्यापारी घराण्यानं बांधलेला. स्वातंत्र्याआधीचं कायदेमंडळ इथे बसायचं. ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, इथे नागरिकत्वाच्या विधेयकावर वाद पेटला. काही सभासदांचं म्हणणं होतं, नागरिकत्व फक्त आफ्रिकी लोकांना द्या. न्येरेरे उठले आणि म्हणाले की कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरणार असेल तर सरकार राजीनामा देईल. विधेयक त्यांच्या बाजूनं मंजूर झालं. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी या मांडणीला किती किंमत होती, ते अकरा वर्षांनी युगांडातून भारतीयांना हाकलून दिलं गेलं त्यावरून कळतं. म्वांझात जन्मलेले अमीर जमाल त्यांचे अर्थमंत्री झाले आणि दीर्घकाळ मंत्रिमंडळात राहिले.

याच भारतीयांना १९७१ साली फटका बसला, तोही म्वालिमूंच्याच हातून. मालक पूर्णपणे स्वतः राहत नाही आणि किंमत एक लाख शिलिंगच्या वर आहे, अशा इमारती सरकारनं ताब्यात घेतल्या. एक लाखाला स्वाहिलीत 'लाकी मोजा' म्हणतात. शब्द आपला, आणि ज्यांच्याबरोबर तो किनाऱ्यावर आला त्यांच्याच चाळी-माड्या त्या आकड्यानं गेल्या. किसुतूतल्या जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर अजून गुजराती नावं आणि साल कोरलेलं दिसतं. मान वर करून चाला.

शब्दांचं निघालंच आहे तर हे उपयोगाचे : 'दुका' दुकान, 'दुका ला दावा' औषधाचं दुकान, 'सेरिकाली' सरकार, 'बंदारी' बंदर, 'गारी' मोटारगाडी. 'उजामा' हा न्येरेरेंचा समाजवादाचा शब्द 'जामा'वरून, म्हणजे आप्तकुटुंब. आपल्या 'जमाती'चंच हे मूळ. आणि भांडवलशाहीला त्यांनी रूढ केलेला शब्द 'उबेपारी', म्हणजे बेपाऱ्याचं तंत्र. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं भाषांतर त्यांनी स्वतः केलं, १९६९ साली, आणि नाव दिलं 'माबेपारी वा वेनिसी'.

तिसरा दिवस : रेल्वेनं दोदोमा

आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद पण जुन्या मीटरगेजपेक्षा रुंद अशा नव्या रुळांवरची विजेची गाडी २०२४ पासून दोदोमापर्यंत धावते. जलद गाडीला साडेतीन-चार तास. तिकिटासाठी पासपोर्टचा क्रमांक लागतो. सामानाची तपासणी विमानतळासारखी असते, म्हणून दीड-दोन तास आधी पोहोचा.

दोदोमाला राजधानी नेण्याचा निर्णय १९७३ चा. कारण सरळ होतं : दार समुद्रकाठी, परक्यांनी वसवलेलं, राजधानी देशाच्या मध्यावर, गरीब कोरड्या मुलखात हवी. प्रत्यक्षात सरकार मोठ्या प्रमाणावर इथे हललं ते २०१६ नंतर. नाशिककरांना गंमत वाटेल : दोदोमा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, आणि वर्षाला दोन पिकं निघतात. रस्त्याकडेला बादलीतून विकतात. रात्री गारवा असतो, स्वेटर वरच राहू द्या.

चौथा दिवस : बसनं ताबोरा

मान्योनी, इतिगी, ताबोरा. जवळजवळ ४०० किलोमीटर, बहुतेक दिवस यातच जातो. खिडकीची, डाव्या हाताची जागा घ्या. कोरड्या महिन्यांत पश्चिमेला जाताना ऊन उजवीकडून येतं, आणि डावीकडून वस्त्या नीट दिसतात. ही बस या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा वर्ग आहे.

दोदोमा सोडल्यावर रस्त्यालगत गावं दिसतात : घरं ओळीनं, मध्ये शाळा, दवाखाना, पाण्याचा नळ. न्येरेरेंचं समाजवादी धोरण मांडणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानं बँका राष्ट्रीयीकृत झाल्या. पुढाऱ्यांना कंपनीत शेअर, दोन पगार आणि भाड्यानं दिलेली घरं यांची बंदी झाली. न्येरेरेंनी स्वतःचा पगार त्याआधीच, १९६६ साली, २० टक्क्यांनी कमी करून घेतला होता. पुढचा टप्पा होता उजामा गावांचा. विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणायच्या, म्हणजे शाळा, पाणी, औषध पोहोचवता येईल. आधी खुशीनं या म्हणाले. लोक येईनात. नोव्हेंबर १९७३ मध्ये हुकूम निघाला : १९७६ अखेर सगळ्यांनी गावात राहायचं.

काय चुकलं ते खिडकीतून समजतं. गावं रस्त्याच्या कडेला वसवली, कारण ट्रकला आणि अधिकाऱ्याला तिथे पोहोचणं सोपं. शेतं मात्र जिथे माती चांगली तिथेच राहिली, तासातासाच्या चालीवर. पेरणीच्या ऐन वेळी माणसं घर बांधण्यात गुंतली. गावाजवळची जमीन एकाच ठिकाणी सारखी पेरून आणि गुरांच्या खुरांनी लवकर थकली. पाखरं आणि रानडुकरं राखायला लांबच्या शेतावर कोणी उरलं नाही. काही ठिकाणी लोकांनी परत जाऊ नये म्हणून जुनी घरं पाडली, जाळली. त्यात १९७३ ते ७५ चा दुष्काळ आला, आणि मका परदेशातून आणावा लागला. ज्यांना शिकवायचं त्यांचं ऐकून घ्यायला मास्तर विसरला, असं मला वाटतं. त्याच गावांमध्ये शाळाही उभ्या राहिल्या आणि प्रौढ माणसं लिहायला-वाचायला शिकली, तेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच खिडकीतून दिसतात.

इतिगीच्या पुढे गच्च झाडी, मग मिओंबोचं पानगळीचं जंगल. बस थांबली की बाटल्यांतून मध विकायला येतात. ताबोराचा मध गडद आणि किंचित धुरकट. घेताना बाटली उलटी करून पाहा : बुडबुडा सावकाश वर चढला तर दाट आहे. झाकणावर पिशवी बांधून सरळ उभी ठेवा, उकाड्यात गळते.

पाचवा दिवस : ताबोरा

आंब्याच्या झाडांचं शांत गाव. इथल्या सरकारी शाळेत न्येरेरे १९३७ साली आले. मुख्यतः सरदारांच्या मुलांसाठी काढलेली शाळा. मग कंपालाचं मकेरेरे, आणि १९४६ पासून तीन वर्षं याच गावात सेंट मेरीजमध्ये शिक्षक.

पण ताबोरा बघायचं ते जानेवारी १९५८ साठी. ब्रिटिशांनी निवडणुकीचा विचित्र नियम केला : प्रत्येक मतदारानं तीन मतं द्यायची, एक आफ्रिकी, एक आशियाई आणि एक युरोपीय उमेदवाराला. तिन्ही दिली नाहीत तर मतपत्रिका बाद. शिवाय मताधिकाराला शिक्षणाची किंवा उत्पन्नाची अट. टानूतले बहुतेक जण बहिष्कार म्हणत होते. न्येरेरेंनी अधिवेशनात समजावलं की बाहेर राहिलो तर सरकारधार्जिणे निवडून येतील. आत जाऊन तिन्ही जागांवर आपली माणसं उभी करू. ठराव झाला आणि त्याचं नाव पडलं 'उआमुझी वा बुसारा', शहाणपणाचा निर्णय. झुबेरी म्तेम्वू वेगळे झाले आणि त्यांनी दुसरा पक्ष काढला. निवडणुकीत टानूच्या पाठिंब्याचे तिन्ही गटांतले उमेदवार निवडून आले; त्यांत अमीर जमाल आणि सोफिया मुस्तफा आशियाई, डेरेक ब्राइसन युरोपीय. ज्या नियमानं समाज तोडायचे होते त्याच नियमानं तिन्ही समाजांची माणसं एका पक्षामागे उभी राहिली. १९६० च्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा.

त्याच १९५८ साली दोन जिल्हाधिकाऱ्यांची बदनामी केल्याचा खटला त्यांच्यावर चालला. दंड १५० पौंड किंवा सहा महिने कैद. लोकांना वाटलं तुरुंग पत्करतील. त्यांनी दंड भरला आणि प्रचाराला लागले.

सहावा दिवस : म्वांझा

न्झेगा, शिन्यांगा करत उत्तरेला. दुपारनंतर मोठाले गोल धोंडे एकावर एक रचलेल्या टेकड्या सुरू होतात. हंपी आठवते. मग अचानक व्हिक्टोरिया सरोवर.

म्वांझात सातो खायचा, तळलेला अख्खा मासा, उगालीबरोबर. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आधी हातावर कोमट पाणी घालतात. उजव्या हातानं लिंबाएवढा तुकडा तोडून मुठीत वळा, अंगठ्यानं खळगा पाडा, त्यात रस्सा नि मासा घ्या. उगाली वाफाळती असते, घाई केली तर बोटं भाजतात. किनाऱ्यावर दगा, म्हणजे बोटभर रुपेरी मासळी, वाळवणाला पसरलेली असते. कोकणातल्या माणसाला वासानंच घरी आल्यासारखं होईल.

बस स्थानकं एकापेक्षा जास्त आहेत. दक्षिणेकडून आलेली बस जिथे सोडते तिथून मुसोमाची सुटत नाही. रात्रीच चौकशी करून ठेवा.

सातवा दिवस : बुतियामा

मुसोमाच्या रस्त्यानं बुंदा गाव यायच्या आधीच उजवीकडे सेरेंगेटीची पश्चिम हद्द रस्त्याला येऊन भिडते. बुतियामाच्या फाट्याला उतरायचं, हे कंडक्टरला बसतानाच सांगून ठेवा. तिथून बाजाजी किंवा मोटारसायकल. परतीची वेळ त्याच चालकाशी ठरवा, कारण संध्याकाळी फाट्याकडे जायला वाहन मिळणं कठीण.

म्वितोंगो नावाची टेकडी. धोंडे, त्यांच्या फटींतून वर आलेली झाडं, आणि वानरं. इथे १९२२ च्या एप्रिलमध्ये झानाकी जमातीचे सरदार न्येरेरे बुरितो यांच्या पाचव्या पत्नीला मुलगा झाला. बायका एकूण २२ होत्या. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, म्हणून नाव ठेवलं काम्बारागे, पावसाचा आत्मा. जुलियस हे नाव १९४३ च्या बाप्तिस्म्यातलं. न्येरेरे हे वडिलांचं नाव; अर्थ अळी. वडील जन्मले त्या साली लष्करी अळीनं रानं फस्त केली होती. पाऊस आणि अळी : शेतकऱ्याच्या घरात पोरांची नावं ठेवतात ती अशी.

संग्रहालयात दोन तास ठेवा. १९८५ साली राष्ट्राध्यक्षपद आपणहून सोडल्यावर ते इथे येऊन शेती करू लागले. मरेपर्यंत बुरुंडीतल्या शांतता-वाटाघाटींची मध्यस्थी चालूच होती. १४ ऑक्टोबर १९९९ ला लंडनमध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेले, २३ तारखेला इथे दफन झालं. कबर घराच्या आवारातच आहे. टोपी काढा, आवाज खाली ठेवा. हे कुटुंबाचं राहतं ठिकाण आहे, आणि कॅथलिक चर्चनं त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू केल्यापासून प्रार्थनेला येणारेही असतात.

बाओ हा त्यांचा आवडता खेळ. लाकडी पटावर चार ओळी, प्रत्येकीत आठ खळगे, दोघांत मिळून ६४ बिया. मूठभर बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं. शेवटची बी भरल्या खळग्यात पडली की तिथलं उचलून पुन्हा पेरायचं. गावात झाडाखाली म्हातारे खेळत बसलेले असतात. पाहणाऱ्याला मनाई नाही, मध्येच चाल सुचवू नका. आधी 'शिकामो' म्हणा. धाकट्यानं थोरल्याला करायचा हा नमस्कार, शब्दशः 'पाय धरतो'. उत्तर येतं 'मराहाबा'. त्यानंतर बसायला जागा मिळते.

दुपारी तीनच्या सुमारास सरोवराकडून ढग चढले. कोरड्या महिन्यातही इथे एखादी सर येते. धोंड्यांवर पाणी पडलं की राखाडी दगड क्षणात काळा होतो आणि उन्हानं तापलेल्या मातीचा वास सुटतो. कबरीजवळ उभ्या असलेल्या दोन बाया छपराखाली सरकल्या. त्यातली एक हात बाहेर काढून पाणी झेलत म्हणाली, "काम्बारागे."

आठवा दिवस : मुसोमा

बुतियामाहून मुसोमा साधारण ४५ किलोमीटर. १९३४ साली बारा वर्षांचा काम्बारागे एवढंच अंतर तुडवून म्विसेंगेच्या शाळेत दाखल झाला. चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत संपवला. याच गावात नोव्हेंबर १९७४ मध्ये पक्षानं ठराव केला की १९७७ पर्यंत प्रत्येक मुलाला प्राथमिक शाळा मिळेल.

म्विसेंगेची शाळा अजून भरते. सकाळी मधल्या सुट्टीच्या आधी जा, कार्यालयात सांगून आत शिरा, मुलांचे फोटो टाळा. घंटा झाली की पोरं धावत येऊन 'शिकामो' म्हणतात. 'मराहाबा' हे उत्तर लगेच द्यायचं, नाहीतर ती वाट पाहत समोर उभीच राहतात. म्वांझाची शेवटची बस दुपारीच निघते, तिकीट सकाळी शाळेत जाण्याआधी काढून ठेवा.